नळीत बांधलं जातं, पेशीत नाही: फॉस्फोटायरोसिनच्या प्रतिरूपाचं एक प्रकरण

हे प्रकरण अध्यापनासाठी रचलेलं आहे. त्यातला सोलापूरचा गट काल्पनिक आहे. रेणू, मात्रा, उन्हाळा आणि अडचणी मात्र खऱ्या आहेत आणि या विषयात काम करणाऱ्या कोणत्याही छोट्या प्रयोगशाळेला त्या भेटतातच.

परिस्थिती

सोलापुरातल्या एका पदव्युत्तर रसायनशास्त्र विभागात पेप्टाइड बनवायची सोय आहे: रेझिनवरची हाताने चालवायची नळी, एचपीएलसी, फ्रीझ-ड्रायर. एनएमआर आणि मास स्पेक्ट्रोमेट्री बाहेरून करून घ्यावी लागते. पेशी-संवर्धन पुण्याच्या सहकारी प्रयोगशाळेत होतं आणि नमुने गाडीने चार-पाच तासांत तिकडे पोहोचतात.

गटाचं लक्ष्य आहे ग्रब-टू नावाच्या जोडणी-प्रथिनाचा एसएच-टू भाग, म्हणजे फॉस्फेट बसलेलं टायरोसिन ओळखून धरणारा भाग. ईजीएफ या वाढीच्या संकेताचा पेशीवरचा ग्राहक जागा झाला की शक या प्रथिनाच्या ३१७व्या टायरोसिनवर फॉस्फेट बसतं, म्हणजे त्याचं फॉस्फोटायरोसिन होतं. त्या जागेचा क्रम आहे फॉस्फोटायरोसिन-व्हॅलिन-अॅस्पॅराजिन-व्हॅलिन. ग्रब-टूचा एसएच-टू भाग हा क्रम ओळखून चिकटतो. ग्रब-टूच्या एसएच-थ्री भागांना एसओएस हे प्रथिन आधीच धरून असतं, ते रास या प्रथिनाजवळ पोहोचतं, आणि पुढे राफ, मेक, ईआरके अशी संकेत नेणाऱ्या प्रथिनांची साखळी पेटते. बीसीआर-एबीएल या रक्तकर्करोगाच्या प्रथिनातही १७७व्या टायरोसिनपाशी हाच क्रम आहे. म्हणून कायनेजला (फॉस्फेट बसवणाऱ्या एन्झाइमला) हात न लावता ही एकच कडी तोडायची, असा विचार.

गटाने बनवलेला रेणू तीन घटकांचा आहे. पहिल्या जागी अॅसिटिल लावलेलं एफ-टू-पीएमपी, म्हणजे फॉस्फोटायरोसिनमधल्या फॉस्फेट आणि वलय यांच्यातल्या ऑक्सिजनच्या जागी सीएफ-टू असलेलं अमिनो आम्ल. दुसऱ्या जागी सायक्लोहेक्झेनचं वलय असलेलं अमिनो आम्ल, एसी-सिक्स-सी. तिसऱ्या जागी अॅस्पॅराजिन अमाइड. रेणुभार ५७५.५. फ्लुओरेसन्स ध्रुवीकरणाच्या स्पर्धा-चाचणीत, म्हणजे चकाकणाऱ्या पेप्टाइडला प्रथिनावरून हटवतो का ते बघणाऱ्या चाचणीत, तो चांगला बांधला गेला. पुण्यात पेशींवर १०० मायक्रोमोलर मात्रेत २ तास ठेवून, ईजीएफ देऊन पाहिलं, तर काहीच नाही. पेशींच्या अर्कातून ग्रब-टू ओढून काढलं, तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या शकची जेलवरची पट्टी तशीच, फॉस्फो-ईआरकेची (फॉस्फेट बसलेल्या, म्हणजे चालू ईआरकेची) पट्टीही तशीच.

गटाचा प्रस्ताव असा: बांधणी आणखी घट्ट करू, अमाइडच्या टोकाला नॅप्थिलप्रोपिल हा पाणी टाळणारा गट जोडू. हा प्रस्ताव चुकीच्या प्रश्नाला उत्तर देतो. बांधणी दहा पटींनी वाढली तरी पेशीच्या आत रेणूच नसेल, तर दहा गुणिले शून्य. त्याआधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात: रेणू आत जातो का, आणि आत जाऊन काम करत असेल तर ते या चाचणीत दिसलं असतं का. दुसऱ्या प्रश्नाकडे सहसा कोणी बघत नाही, म्हणून त्यावर पुढे जास्त लिहिलं आहे.

खिशाला नेमकं काय हवं असतं

एसएच-टूच्या खिशात तळाशी एक आर्जिनीन असतं, ग्रब-टूमध्ये ते ८६वं. ते फॉस्फेटच्या दोन ऑक्सिजनना दोन हातांनी धरतं. शेजारी ६७वं आर्जिनीन आणि ८८, ९०, ९६ या सेरीनांची साथ असते. फॉस्फेट काढलं की बांधणी जवळजवळ नाहीशी होते. दोन जागा पुढे अॅस्पॅराजिन हवंच, कारण १२१वं ट्रिप्टोफॅन वाट अडवून बसलेलं असतं आणि पेप्टाइडला सरळ जाता येत नाही, वळावंच लागतं. एसी-सिक्स-सी ते वळण आधीच घडवून ठेवतं. गटाची ही निवड उत्तम आहे.

फॉस्फेटच का ठेवू नये? पेशीतल्या फॉस्फेटेज (फॉस्फेट काढणारी एन्झाइमं) ते लगेच काढून टाकतात. ग्लुटामेट का नाही? सेरीन-थ्रिओनिनच्या बाबतीत अॅस्पार्टेट किंवा ग्लुटामेट लावून फॉस्फेटची नक्कल करण्याची प्रथा आहे आणि काही कायनेजमध्ये ती चालतेही. टायरोसिनसाठी ती चालत नाही. ग्लुटामेटवर एकच ऋण प्रभार असतो, त्याचे ऑक्सिजन एका प्रतलात असतात, वलय नसतं, आणि शाखा इतकी आखूड असते की खिशाच्या तळाशी पोहोचतच नाही. उत्परिवर्तनाच्या प्रयोगांत टायरोसिनच्या जागी ग्लुटामेट घालून 'सदा चालू' प्रथिन मिळालं असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता प्रभाराचं गणित. फॉस्फोटायरोसिनचा दुसरा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंनी दुसरा प्रोटॉन सोडलेला असतो तो) साधारण ५.८ धरला तर पीएच ७.२ला सुमारे ९६ टक्के रेणू दोन ऋण प्रभारांचे असतात. ऑक्सिजनऐवजी साधा सीएच-टू घातला, म्हणजे पीएमपी केलं, की पीकेए सातच्या वर सरकतो आणि निम्म्याच्या आसपास रेणू एकाच प्रभारावर राहतात. सीएफ-टू घातला की फ्लोरिन इलेक्ट्रॉन ओढून पीकेए पुन्हा पाच-साडेपाचच्या घरात आणतं. कोनही सुधारतो. ऑक्सिजनपाशी तो १२० अंशांच्या जवळ असतो, सीएच-टूपाशी ११२च्या आसपास, सीएफ-टूपाशी त्या दोहोंच्या मध्ये.

इथवर सगळं सरळ. गटाची अपेक्षा मात्र एका प्रसिद्ध निकालावरून आली होती. १९९४ मध्ये बर्क आणि सहकाऱ्यांनी पीटीपी-वन-बी या फॉस्फेटेजवर सहा घटकांचं पेप्टाइड तपासलं. एन्झाइम निम्मं अडवायला पीएमपी असलेल्याला सुमारे २०० मायक्रोमोलर लागत होतं, एफ-टू-पीएमपी असलेल्याला सुमारे ०.१ मायक्रोमोलर. हजार पटींहून जास्त फरक. पुढच्याच वर्षी असं दिसलं की हा फरक पीकेएने समजावून सांगता येत नाही, कारण पीएच बदलला तरी तो टिकून राहतो. तो फ्लोरिन आणि त्या एन्झाइमच्या सक्रिय जागेच्या थेट संबंधातून येतो. एसएच-टूच्या खिशात तो संबंध नाही. तिथे एफ-टू-पीएमपी फॉस्फोटायरोसिनच्या बरोबरीने, काही पट कमी-जास्त फरकाने, बांधलं जातं. हजार पटींचा लाभ एका प्रथिन-कुळाचा आहे, दुसऱ्याकडे तो घेऊन जाता येत नाही.

आणि त्यात धोकाही आहे. एफ-टू-पीएमपीचा रेणू खरोखर आत गेला तर तो फॉस्फेटेजनाही अडवू शकतो. मग पेशीतलं एकूण फॉस्फोटायरोसिन वाढेल आणि जो संकेत थांबवायचा तोच उचल खाईल. गटाच्या रेणूत पीटीपी-वन-बीला आवडणारे आम्लधर्मी शेजारी नाहीत, त्यामुळे भीती कमी आहे, पण शून्य नाही. म्हणून एसएच-टूसाठी पीएमपीची आवृत्ती आधी बनवावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. बांधणीत थोडं गमावतं, पण फॉस्फेटेजच्या बाबतीत सुरक्षित राहतं, आणि बनवायला कितीतरी सोपं जातं.

बनवताना: सोलापूरच्या उन्हाळ्यासकट

रेझिन: रिंक अमाइड, ०.६ मिलिमोल प्रतिग्रॅम. ०.१ मिलिमोलसाठी १६७ मिग्रॅ. एफमॉक (अमाइनवरची तात्पुरती टोपी) काढायला डीएमएफ या द्रावकात २० टक्के पायपेरिडीन, १० मिनिटं दोनदा. अॅस्पॅराजिन ट्रायटिल-संरक्षित घ्यावं: ४ पट म्हणजे २३९ मिग्रॅ, एचएटीयू (आम्ल सक्रिय करणारं) ३.९ पट म्हणजे १४८ मिग्रॅ, डीआयपीईए (आम्लारी) ८ पट म्हणजे १३९ मायक्रोलिटर. एचएटीयू आम्लापेक्षा किंचित कमीच ठेवायचं. उरलं तर ते मोकळ्या अमाइनला जाऊन चिकटतं आणि साखळी तिथेच बंद पडते. एफमॉक-एसी-सिक्स-सी १४६ मिग्रॅ, त्याच प्रमाणात.

अडचण त्यापुढच्या जोडणीत आहे. एसी-सिक्स-सीचं अमाइन वलयामुळे दाटीत बसलेलं असतं आणि नेमकं त्याच्यावर सगळ्यात महाग आम्ल जोडायचं असतं. एफमॉक-एफ-टू-पीएमपी, मोकळ्या फॉस्फोनिक आम्लासह, रेणुभार ५१७.४. दीड पट म्हणजे ७८ मिग्रॅ, एचएटीयू थोडं कमी, ५५ मिग्रॅ, डीआयपीईए ६ पट, कारण फॉस्फोनिक आम्लाचे प्रोटॉनही ते खातं. रात्रभर ठेवावं. निनहायड्रिनच्या रंगावर इथे विश्वास ठेवू नये, अशा दाटीतल्या अमाइनवर रंग फिका येतो आणि 'झालं' असं वाटतं. चिमूटभर रेझिन टीएफए या तीव्र आम्लाने तोडून मास बघणं हाच खात्रीचा मार्ग. जोडणी अपुरी राहिली आणि तशीच अॅसिटिल टोपी घातली, तर २९८ रेणुभाराचा दोन घटकांचा तुकडा मिळतो. धनभारित मासमध्ये तो २९९ला दिसतो. हव्या असलेल्या रेणूसाठी ऋणभारित मोडमध्ये ५७४ शोधावं.

आता ऊन. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४३ अंशांवर सहज जातो. विनावातानुकूल प्रयोगशाळेत टेबलावर ३८-४० अंश असतात. डायइथिल ईथर ३४.६ अंशांना उकळतं, डायक्लोरोमिथेन ३९.६ला. टीएफएतून पेप्टाइड थंड ईथरमध्ये ओतून अवक्षेपित करायची रीत अशा दिवसांत धोक्याची आणि निरुपयोगी आहे. ईथर उडून जातं, वाफ जमिनीलगत साचते, आणि हा छोटा रेणू टीएफएतच विरघळून राहतो. त्याऐवजी मिथाइल टर्शरी ब्युटाइल ईथर वापरावं. ते ५५ अंशांना उकळतं. रात्रभर उणे २० अंशांत गार करून १० पट आकारमानात ओतावं. आमचा सल्ला त्याहून सोपा आहे: टीएफए नायट्रोजनच्या झोताने कमी करून, पाणी-अॅसिटोनायट्राइलमध्ये घेऊन थेट फ्रीझ-ड्राय करावं. अवक्षेपणाची पायरीच नको.

डीएमएफ या भागात ड्रमने मिळतं. ड्रम पत्र्याच्या शेडखाली महिनाभर तापला की त्यात डायमिथाइल अमाइन तयार होतं आणि ते एफमॉक हळूहळू कापतं. मग साखळीत एक घटक दोनदा जोडलेला दिसतो आणि दोष रेझिनला जातो. बाटली उघडल्यावर माशासारखा वास आला तर ते डीएमएफ धुण्यासाठी ठेवावं, जोडणीसाठी नाही. चार अँगस्ट्रॉमच्या ताज्या भाजलेल्या मॉलिक्युलर सीव्हवर, सावलीत साठवावं.

एफ-टू-पीएमपी विकत न घेता बनवायचं असेल तर दोन वाटा आहेत. एक, बेंझिल फॉस्फोनेटवर उणे ७८ अंशांना तीव्र आम्लारी आणि एनएफएसआय (फ्लोरिन देणारं अभिकर्मक) वापरून दोन फ्लोरिन चढवणं. यासाठी सुका बर्फ लागतो आणि तो रस्त्यातच निम्मा उडतो. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजन जिल्ह्यात फिरत असतो. तो मिळाला तर इथिल अॅसिटेटमध्ये ओतून लापशीसारखं घट्ट केलं की उणे ८४ अंश मिळतात. बंद खोलीत हे करू नये, ऑक्सिजन कमी होतो. द्रव नायट्रोजनच्या ट्रॅपमध्ये हवा ओढू देऊ नये, द्रव ऑक्सिजन साचतो. दुसरी वाट: डायइथिल ब्रोमोडायफ्लुओरोमिथाइल फॉस्फोनेटपासून जस्ताचं संयुग, त्यात कॉपर ब्रोमाइड, मग संरक्षित ४-आयोडो-फिनाइलअॅलनीन. थंडी लागत नाही, म्हणून सोलापूरला हीच सोयीची. पण जस्ताची अभिक्रिया एकदम सुरू होते. सुरुवातीला काही होत नाही म्हणून घाईने सगळं ओतलं तर नंतर तापमान हाताबाहेर जातं. थेंबाथेंबाने घालावं आणि बाहेर पाण्याचं भांडं तयार ठेवावं. डीएएसटी हे फ्लोरिन देणारं द्रव वापरून कीटोफॉस्फोनेटवरून जाण्याची जुनी पद्धत आहे. ते द्रव गरम झालं की स्फोटकपणे विघटित होतं, तेव्हा छोट्या प्रयोगशाळेने त्या वाटेला जाऊ नये.

अभिक्रियेत पाणी शिरलं का, हे फ्लोरिन एनएमआर लगेच सांगतं. हवा असलेला पदार्थ उणे १०८ पीपीएमच्या आसपास दुहेरी शिखर देतो, फॉस्फरसशी जोड ११६ हर्ट्झच्या जवळ. उणे १३५ ते १३६ला दुहेरीची दुहेरी, ९१ आणि ४९ हर्ट्झ, दिसली तर जस्ताच्या संयुगाने पाण्यातला प्रोटॉन उचलला. द्रावक ओलं होतं, आयोडाइडमध्ये दोष नाही.

इथिल एस्टर शेवटी काढताना टीएफएने ते हलत नाहीत. पीएमपीचे टीएमएस ब्रोमाइडने निघतात. सीएफ-टूचे त्यानेही सुस्त निघतात, म्हणून टीएमएस आयोडाइड घ्यावं. एचपीएलसीवर फॉस्फोनेटच्या शिखराला शेपूट येते, कारण स्टीलमधल्या लोखंडाला तो धरतो. कॉलम सोडून बाकी यंत्रणा आधी ईडीटीएच्या पातळ द्रावणाने धुतली की फरक पडतो. सोलापूरचं पाणी जड आहे. आरओचा पडदा जुना झाला असेल तर कॅल्शियम इथेही येतं.

बांधणीची चाचणी खरी होती का

गटाने जीएसटी (शुद्धीकरणासाठी जोडतात ते प्रथिन) जोडलेलं प्रथिन वापरलं होतं. जीएसटी स्वतः जोडीने राहतं, त्यामुळे एसएच-टूही जोडीने येतं. शिवाय ग्रब-टूचा एसएच-टू भाग एकमेकांत तुकडे अदलाबदल करून जोडी बनवतो, हे ज्ञात आहे. जीएसटी कापून, जेल गाळणीतून सुमारे १२ किलोडाल्टनचा एकेरी भाग वेगळा घ्यायला हवा. द्रावण: २० मिलिमोलर हेपीस पीएच ७.४, १०० मिलिमोलर मीठ, १ मिलिमोलर डीटीटी, ०.०१ टक्के ट्रायटन. फॉस्फेट असलेलं बफर नको, कारण खिसा फॉस्फेटसाठीच बनलेला आहे. चकाकणारं पेप्टाइड १० नॅनोमोलर, प्रथिन त्याच्या बांधणी-स्थिरांकाच्या आसपास. प्रथिन ५०० नॅनोमोलर असेल तर स्पर्धक कितीही घट्ट असला तरी आयसी-५० (बांधणी निम्मी करणारी मात्रा) सुमारे २५० नॅनोमोलरच्या खाली उतरत नाही. 'सुधारणा थांबली' असा भास इथूनच होतो. वाचन २५ अंशांवर स्थिर करून घ्यावं, खोलीच्या भरवशावर सोडू नये.

नियंत्रण म्हणून फॉस्फोटायरोसिनची आवृत्ती, रेणुभार ५४१.५, हवी. साध्या टायरोसिनची हवी. आणि ८६वं आर्जिनीन बदललेलं प्रथिनही हवं. त्याच्याशी रेणू बांधला जात असेल तर तो खिशात बसलेलाच नाही.

पेशीतला शून्य निकाल: तीन वेगळे अर्थ

पहिला प्रयोग स्वस्त आहे आणि तो आधी करावा. ईजीएफ दिलेल्या पेशींचा अर्क काढा, रेणू अर्कात घाला, मग ग्रब-टू ओढा. अर्कात शकची पट्टी गेली आणि अख्ख्या पेशीत गेली नाही, तर भिंतीचा, म्हणजे पेशीच्या पडद्याचा, प्रश्न आहे असं म्हणायला आधार मिळतो. डिजिटोनिनने पेशींना छिद्रं पाडून तेच बघितलं की आधार पक्का होतो.

दुसरा: आत किती आहे ते मोजा. एका पेशीचं आकारमान २ पिकोलिटर धरलं तर दहा लाख पेशी म्हणजे २ मायक्रोलिटर. आत १० मायक्रोमोलर असेल तर तो एकूण २० पिकोमोल, सुमारे ११.५ नॅनोग्रॅम. आता बाहेरचं माध्यम १०० मायक्रोमोलरचं आहे. त्यातलं ०.२ मायक्रोलिटर जरी बशीच्या कडेला राहिलं, तर त्यातही २० पिकोमोलच असतात. धुणं कमी पडलं की मास स्पेक्ट्रोमीटर 'आत आहे' असं सांगेल आणि ते खोटं असेल. तीन वेळा गार बफरने धुवा, आणि शून्य मिनिटाचा नमुना ठेवा: रेणू घालून लगेच धुतलेला. त्याचा आकडा वजा केल्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही.

तिसरा, आणि आमच्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा. समजा रेणू आत गेला आणि त्याने ग्रब-टूला शकपासून दूर ठेवलंही. आता पेशी फोडल्या. दहा लाख पेशींचे २ मायक्रोलिटर ५०० मायक्रोलिटर अर्क-बफरमध्ये आले, म्हणजे रेणू २५० पट पातळ झाला. एसएच-टूची पकड घट्ट असली तरी सुटण्या-चिकटण्याचा वेग मोठा असतो, सेकंदांच्या हिशोबाचा. पातळ झालेला रेणू ग्रब-टूवरून उतरतो, आणि पुढच्या दोन तासांच्या ओढणीत ग्रब-टू पुन्हा शकला चिकटतं. जेलवर पट्टी दिसते. पेशीत कडी तुटली होती, नळीत पुन्हा जुळली. गटाचा शून्य निकाल याने निर्माण झाला नाही, हे त्यांच्याकडच्या माहितीवरून सांगताच येत नाही.

उलटाही धोका आहे. नीट न धुतलेल्या बशीतला रेणू अर्कात शिरून नळीतच कडी तोडतो आणि खोटं यश मिळतं. म्हणजे हीच चाचणी दोन्ही बाजूंनी फसवू शकते.

उपाय: फोडण्याआधी पेशीतच जोड गोठवा. डीएसपी हा पडदा ओलांडणारा, डीटीटीने सुटणारा जोडक १ मिलिमोलर, अर्धा तास. त्या वेळी बफरमध्ये ट्रिस नको, त्याचं अमाइन जोडक खाऊन टाकतं. मग ५० मिलिमोलर ट्रिस घालून १५ मिनिटांत थांबवा. अर्क-बफरमध्ये सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट १ मिलिमोलर, पीएच १०ला उकळून रंगहीन केलेलं. पिवळं वापरलं तर ते साखळीरूपात असतं आणि फॉस्फेटेज नीट अडत नाहीत. डीएसपी वापरायचं तर फोडायच्या बफरमध्ये डीटीटी घालू नका. ते फक्त जेलच्या नमुना-बफरमध्ये.

फॉस्फो-ईआरकेवर एकट्यावर विसंबू नये. ईजीएफ ग्राहकाकडून ईआरकेपर्यंत फॉस्फोलायपेज-सी आणि पीकेसी या कायनेजची दुसरी वाटही जाते. ती मोकळी असेल तर ग्रब-टू अडवूनही ईआरके पेटतं. याच वाटेचा नियंत्रणासाठी उपयोग करता येतो. पीएमए हे रसायन देऊन पीकेसी थेट जागं करा. तिथे ईआरके पेटायलाच हवं. आपल्या रेणूने तेही विझवलं तर तो कुठेतरी खाली, भलत्याच ठिकाणी अडवतो आहे किंवा पेशी मारतो आहे.

फेरआखणी

भिंतीचा प्रश्न पक्का झाला असं धरू. फॉस्फोनेटवर दोन पीओएम (पिव्हॅलॉइलऑक्सिमिथाइल) गट चढवून प्रभार झाकायचा. आत एस्टरेज (एस्टर फोडणारी एन्झाइमं) ते काढतात, आणि उघडा पडलेला रेणू आतच अडकतो. अॅडेफोव्हिर डिपिव्हॉक्सिल हे विषाणूविरोधी औषध याच तत्त्वावर चालतं. पण गटाच्या रेणूवर हे सरळ करता येत नाही. पीओएम लावलेलं एफमॉक अमिनो आम्ल रेझिनवर नेलं तर पायपेरिडीन पीओएम फोडतं. टोकाचा घटक आहे म्हणून अॅसिटिल आधी लावून, पीओएमसह शेवटी जोडू म्हटलं, तर अॅसिटिल अमिनो आम्ल सक्रिय होताच ऑक्झाझोलोन हे वलय बनवतं आणि रेणूचं डावं आणि उजवं रूप मिसळतं. दाटीतल्या एसी-सिक्स-सीवर, तासन्‌तास चालणाऱ्या जोडणीत, तर हमखास.

सुटका अशी की त्या जागी अमिनो आम्लच नको. ४-फॉस्फोनोडायफ्लुओरोमिथाइल सिनॅमिक आम्ल घ्यावं. त्यात अमाइन नाही म्हणून एफमॉक नाही, असममित कार्बन नाही म्हणून मिसळणं नाही. बिस-पीओएम (दोन पीओएम असलेल्या) आवृत्तीचा रेणुभार ५०६.४. ती द्रावणात दोन घटकांच्या मोकळ्या अमाइनवर जोडावी. स्टॅट-थ्री या दुसऱ्या प्रथिनाच्या एसएच-टूसाठी मॅकमरी यांच्या गटाने हीच रीत वापरून पेशीत काम करणारे रेणू बनवले. ग्रब-टूमध्ये मात्र त्याची किंमत मोजावी लागते. अॅसिटिलचा कार्बोनिल ६७व्या आर्जिनीनला जो हात देत होता, तो जातो. बांधणी सैल होईल. ती भरून काढायला कार्बोक्सिल घालायचा मोह होतो, पण त्याने झाकलेला प्रभार दुसऱ्या दाराने परत येतो. आम्ही सैल बांधणी पत्करू. नॅप्थिलप्रोपिलची गटाची कल्पना आता, या टप्प्यावर, उपयोगी पडते.

पीओएमच्या प्रयोगात दोन गोष्टी सांभाळायच्या. गायीच्या वासराच्या सीरममध्येही एस्टरेज असतात. ५६ अंशांवर अर्धा तास तापवूनही ते पूर्ण मरत नाहीत. म्हणून रेणू सीरमविरहित माध्यमात द्यावा आणि त्याच माध्यमात ०, १५, ३०, ६०, १२० मिनिटांना एचपीएलसीवर तो टिकतो का ते बघावं. दुसरं, प्रत्येक पीओएम सुटताना एक फॉर्मल्डिहाइड आणि एक पिव्हॅलिक आम्ल सोडतो. दोघंही पेशीला त्रास देतात. म्हणून अॅस्पॅराजिनऐवजी अॅलनीन घातलेली, पीओएमसह, न बांधणारी जोडीदार आवृत्ती बनवल्याशिवाय पेशींचा कोणताही निकाल मान्य करू नये. नुसतं डीएमएसओ (रेणू विरघळवायचं द्रावक) हे इथे नियंत्रण होत नाही.

पुण्याला पाठवताना द्रावण पाठवू नका. डीएमएसओ वाटेत पाणी ओढतं आणि पीओएम हळूहळू जातो. फ्रीझ-ड्राय केलेली ठरलेली मात्रा, उदाहरणार्थ प्रत्येक कुपीत १ मायक्रोमोल, बंद करून जेल-पॅकवर पाठवा. तिथे १०० मायक्रोलिटर कोरड्या डीएमएसओत घेतलं की १० मिलिमोलर तयार.

कुठे थांबायचं

गटासाठी क्रम असा ठरला: आधी सध्याच्याच रेणूवर अर्कातली चाचणी आणि डिजिटोनिन, मग डीएसपीसह पेशीतली चाचणी, मग पीएमपीची आवृत्ती, मग सिनॅमेटची बिस-पीओएम जोडी. बिस-पीओएम आवृत्ती आत मोजता येते, एकूण फॉस्फोटायरोसिन वाढवत नाही, आणि तरीही डीएसपीनंतर कडी तुटत नसेल, तर या सांगाड्यावर पुढे वेळ घालवू नये.

त्यानंतरची दिशा फॉस्फेटेजच्या क्षेत्रातून दिसते. २०२३ मध्ये एबीबीव्ही-सीएलएस-४८४ हा पीटीपीएन-टू आणि पीटीपी-वन-बी अडवणारा, तोंडाने घेता येणारा रेणू प्रसिद्ध झाला. त्यात फॉस्फेटच्या जागी थायाडायाझोलिडिनोन डायऑक्साइडचं वलय आहे, एकाच ऋण प्रभाराचं, आणि तो सक्रिय जागेतच बसतो. एसएच-टूसाठी ते वलय जसंच्या तसं चालेल असं धरू नये. फॉस्फेटेजचा खिसा खोल आणि चारही बाजूंनी बंद असतो, तिथे वलयाला भिंतींचा आधार मिळतो. एसएच-टूचा खिसा उथळ आहे आणि ८६व्या आर्जिनीनला दोन ऑक्सिजन समोरासमोर हवे असतात. वलयातले सल्फरचे दोन ऑक्सिजन त्या दिशेने वळवता येतात का, हे आधी संगणकावर आणि मग १०-१५ मिग्रॅच्या साध्या फिनाइल नमुन्यावर, प्रथिनाच्या नायट्रोजन-१५ एनएमआरमध्ये मिलिमोलर मात्रेला तपासता येईल. त्यासाठी पेप्टाइड लागत नाही, पीओएम लागत नाही, आणि एकेरी एसएच-टू प्रथिन गटाकडे तोपर्यंत तयार असेलच.